बिनपर्चीच्या डॉक्टरांचे बयान

अर्जदार: मी, वय पन्नाशीच्या पुढे, धंदा अर्जनवीस, म्हणजे लोकांचे अर्ज लिहून देणारा, बसण्याचे ठिकाण कचेरीच्या फाटकालगतची टिनाची शेड, सिविल लाइंस, झाँसी.

ज्यांच्याविषयी अर्ज: एक डॉक्टर, जातीने व वागणुकीने मराठी, अविवाहित, दवाखाना लक्ष्मी तालाच्या रस्त्यावर. त्यांचे नाव मी लिहीत नाही. आपले नाव दुसऱ्याने कागदावर घातलेले त्यांना हयातीत खपले नाही.

जिच्यापायी अर्ज: माझी कन्या वैदेही, बी.एससी., उक्त डॉक्टरांच्या दवाखान्यातील मदतनीस.

घटनेचा काळ: लग्नसराई आटोपून आंबा स्वस्त झालेला तो उन्हाळा.

साक्षीदार: पहिला, रामसेवक, दवाखान्यासमोरचा चहावाला. दुसरे, हरप्रसादजी, मऊरानीपुरचे धान्याचे आडते, गुडघ्याचे जुने रोगी.

येणेप्रमाणे तपशील नोंदवून निवेदन असे की, या शहरात आमची मराठी घराणी पेशव्यांच्या काळापासून आहेत, आणि त्यांत विक्षिप्त माणसांची कधी वाण पडलेली नाही. पण ज्याचा विक्षिप्तपणा दुसऱ्याच्या उपयोगी पडला असा मनुष्य मी एकच पाहिला.

ते कागदावर काही लिहून देत नसत. काही म्हणजे काहीच नाही. औषधाची चिठ्ठी नाही, आजारपणाचा दाखला नाही, शाळेच्या रजेसाठी दोन ओळी नाहीत. गावात त्यांना 'बिना पर्ची वाले डॉक्टर साहब' म्हणत. औषध ते स्वतःच्या बाटल्यांतून देत आणि देताना कसे घ्यायचे ते सांगत. मग रोग्याकडून ते म्हणवून घेत. "अब आप बोलिए, मैंने क्या कहा." रोगी अडखळला की पुन्हा सांगत, पुन्हा म्हणवून घेत. कलेक्टर कचेरीतले मोठे बाबूही त्या लाकडी खुर्चीवर बसून "सुबह नाश्ते के बाद आधी गोली" असे पाठ म्हणत असलेले मी पाहिले आहेत. एखादे औषध बाहेरून आणायचे असेल तर त्याचे नाव वैदेही लिहून देई, आणि ती लिहीत असताना डॉक्टर खिडकीबाहेर पाहत बसत.

त्यांच्या दवाखान्यात टेबल नव्हते. टेबल आले की कागद येतो, असे त्यांचे म्हणणे. उंच स्टुलावर ते बसत, शेजारच्या फळीवर शेवेची बरणी असे, आणि दोन रोग्यांच्या मधे ते मूठभर शेव खात. नाडी धरण्याआधी प्रत्येकाला एकच प्रश्न: "कल रात को क्या खाया?" नावे त्यांच्या लक्षात राहत नसत, अवयव राहत. "मऊरानीपुर का घुटना आया क्या?" असे ते दारातून विचारत, आणि हरप्रसादजी, ज्यांच्या गोदामात पोत्यांच्या थप्प्या छताला लागलेल्या असत, विनयाने हात वर करून म्हणत, "आ गए, डॉक्टर साहब."

राग आला की मात्र ते मराठीत बोलत. समोरचा बुंदेली असो, पंजाबी असो, त्याला शुद्ध मराठीत झापत, आणि तो मान डोलावत ऐकून घेई. एकदा मी विचारले, "साहेब, त्याला कळले काय?" ते म्हणाले, "आवाज कळला. बाकीचं त्याच्या उपयोगाचं नव्हतं."

माझी त्यांची ओळख भांडणातूनच झाली. माझा एक पक्षकार, जमिनीच्या दाव्यातला, खरोखरीच तापाने फणफणला होता आणि त्याच दिवशी कोर्टात त्याची पेशी होती. तारीख पुढे ढकलण्यासाठी डॉक्टरचा दाखला जोडावा लागतो. मी त्याला लक्ष्मी तालाच्या रस्त्यावर पाठवले. तासाभराने पाहतो तो माझा पक्षकार चादर पांघरून रिक्षातून येत आहे आणि शेजारी डॉक्टर बसलेले आहेत, गळ्यात स्टेथोस्कोप, हातात छत्री.

कोर्टाचा कारकून, म्हणजे पेशकार, म्हणाला, "डॉक्टर साहब, सर्टिफिकेट दे देते, इतनी तकलीफ़ क्यों की?"

"बीमार है, मैं कह रहा हूँ."

"लिखकर दीजिए ना."

"मैं खड़ा तो हूँ सामने. काग़ज़ मुझसे ज़्यादा सच्चा होगा?"

पेशकार उठला. आत जाऊन त्याने न्यायाधीशसाहेबांच्या कानावर घातले, साहेबांनी दारातून एकवार या मूर्तीकडे पाहिले, आणि तारीख मिळाली. बाहेर येताना डॉक्टर मला म्हणाले, "तुम्हीच का ते वकीलसाहेब?" मी म्हणालो, "वकील नाही, अर्जनवीस." त्यानंतर आयुष्यभर त्यांनी मला वकीलसाहेब याच नावाने हाक मारली, विशेषतः चारचौघांत. मी हरकत घेणे सोडून दिले.

वैदेहीला त्यांच्याकडे मीच ठेवले. मुलगी बी.एससी. झाली होती, मेडिकलची परीक्षा थोडक्यात हुकली होती, आणि घरात बसून ती हिरमुसली होती. डॉक्टरांनी तिला विचारले, "काल रात्री काय जेवलीस?" ती म्हणाली, "डॉक्टरकाका, तुम्हाला माझी प्रकृती पाहायची आहे की अक्कल?" ते मला म्हणाले, "ठेवून जा हिला."

पुढे तिला कुठून तरी समजले की दक्षिणेतील एका मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयात 'फिजिशियन असिस्टंट' नावाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. रोग्याची हकीकत घेणे, तपासणे, शस्त्रक्रियेत सर्जनच्या बाजूला उभे राहणे, नंतर रोग्यावर लक्ष ठेवणे, हे सर्व डॉक्टरच्या देखरेखीखाली, परंतु शिकून सवरून. वैदेहीने ते मला इतक्या वेळा समजावले की मला पाठ झाले. तरी माझ्या वहिनींनी जेवताना विचारलेच, "म्हणजे शेवटी कंपाउंडरच ना गं?"

"नाही, काकू."

"मग नर्स?"

"नाही."

"डॉक्टर तर नाहीच. मग लग्नाच्या पत्रिकेत काय लिहायचं, भाऊजी?"

वैदेही ताटावरून उठली नाही, हे मात्र मी पाहिले. पूर्वी ती अशा बोलण्यावर उठून जात असे.

जागा थोड्या होत्या आणि अर्ज देशभरातून येणार होते. मेडिकलचे दार एकदा बंद झाले होते. वय वाढत होते, स्थळे येऊ लागली होती, आणि हे दारही बंद झाले तर पुढच्या वर्षी तिला कोणी अर्ज करू देणार नाही, हे तिला माहीत होते, मलाही माहीत होते. अर्जासोबत एक अट होती: उमेदवाराने ज्या डॉक्टरच्या हाताखाली काम केले त्याचे शिफारसपत्र, त्याच्या स्वाक्षरीसह.

वैदेहीने ती अट मला वाचून दाखवली आणि कागद घडी करून बाजूला ठेवला. ती म्हणाली, "बाबा, झालं मग."

तिने दुसऱ्या एखाद्या डॉक्टरकडून पत्र घ्यावे असे मी सुचवले. सिविल लाइंसमध्ये माझ्या शब्दाला मान देणारे डॉक्टर आहेत. ती म्हणाली, "ज्यांनी मला काम करताना पाहिलं नाही त्यांनी काय लिहायचं?"

मी डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, "मी येतो तिकडे. सांगतो त्यांना तोंडाने."

"साहेब, मद्रासच्याही पलीकडे आहे ते."

दवाखाना त्यांनी एक दिवसही बंद ठेवलेला मला आठवत नाही. बाकावर मऊरानीपुरची बस पकडून आलेली माणसे दाटीने बसली होती. त्यांनी बरणीतली शेव घेतली आणि खाल्ली नाही, हातातच ठेवली.

"तुम्ही बँकेत तर सही करता," मी म्हणालो.

"ती माझ्याबद्दलची असते. दुसऱ्या माणसाबद्दल मी सही करत नाही, वकीलसाहेब. लिहिलेलं कोणी वाचत नाही, ठेवून देतात. आणि मग त्या कागदाच्या आडून वाटेल ते करतात."

इथे, वाचकहो, माझ्या धंद्याची एक रीत सांगणे अगत्याचे आहे. आमच्याकडे येणाऱ्यांपैकी कित्येकांना लिहिता येत नाही. म्हणून त्यांचे म्हणणे कचेरीपर्यंत पोहोचत नाही असे होत नाही. तो मनुष्य बोलतो, आम्ही लिहितो. लिहिलेले त्याला मोठ्याने वाचून दाखवतो. तो हो म्हणतो, किंवा 'ये नहीं कहा था मैंने' म्हणून भांडतो, तेव्हा दुरुस्त करतो. शेवटी, वाचून दाखवले, समजले, बरोबर आहे, अशी ओळ घालून त्याचा अंगठा घेतो आणि साक्षीदारांच्या सह्या. याला बयान म्हणतात. ब्रिटिश गेले, राज्ये आली गेली, बयान राहिले. ते ऐकल्याशिवाय पुरे होत नाही, हा त्याचा गुण आहे.

हे मी डॉक्टरांना सांगितले. त्यांनी डोळे मिटून ऐकले, जसे ते रोग्याचे ऐकत. मग म्हणाले, "म्हणजे माझंच औषध तुम्ही मला देणार."

"होय."

"लिख लो."

दुसऱ्या दिवशी मी माझी लाकडी पेटी, दौत, शाईचा पॅड घेऊन दवाखान्यात गेलो. टेबल नसल्यामुळे पेटी मांडीवर घेतली. सुरुवात मी माझ्या शैलीने केली होती आणि ती मला आजही निर्दोष वाटते: सदर उमेदवार सुशील, सत्कुलीन, आज्ञाधारक व कष्टाळू असून. मी तेवढे वाचून दाखवले.

"थांबा," डॉक्टर म्हणाले. "आज्ञाधारक कोण?"

"वैदेही."

"ही?" त्यांनी बाकावरच्या रोग्यांकडे पाहिले. "क्यों भाई, ये लड़की आज्ञाकारी है?"

हरप्रसादजी गुडघा चोळत म्हणाले, "हमें तो रोज़ डाँटत है, साहब. घी खाना छुड़वा दओ."

"ते खोडा. सुशीलही खोडा, त्याचा रोग्याला उपयोग नाही. कुळ तुमचं तुमच्यापाशी ठेवा. मी सांगतो ते लिहा."

आणि त्यांनी सांगितले, ते त्यांच्याच शब्दांत असे: मागच्या हिवाळ्यात एक बाई आली होती, वांत्या होतात, छातीखाली जळजळते म्हणून. तिला मी अपचनाचे औषध द्यायला बाटली उचलली होती. या मुलीने माझा हात धरला. हिने त्या बाईला विचारले होते की दुखणे कुठे जाते, आणि बाईने जबडा आणि डावा खांदा दाखवला होता. मी तो प्रश्न विचारला नव्हता, कारण बाकावर गर्दी होती. ही मला म्हणाली, डॉक्टरकाका, औषध नको, आधी मोठ्या दवाखान्यात. त्या बाईच्या हृदयाला झटका आलेला होता. ती आज जिवंत आहे आणि भाजी विकते. मी चुकलो होतो, ही चुकली नाही.

माझी लेखणी थांबली. "साहेब, शिफारसपत्रात शिफारस करणाऱ्याची चूक लिहीत नसतात."

"मग शिफारस कशाची?"

"आपल्या नावाला बट्टा लागेल."

"वकीलसाहेब, हिला असिस्टंट व्हायचं आहे ना? असिस्टंट कशासाठी ठेवतात, डॉक्टर बरोबर असतो तेव्हासाठी? लिहा."

वैदेही आतल्या दाराशी उभी होती. डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिले नाही. मी लिहिले. मग सर्व मोठ्याने वाचून दाखवले, साक्षीदारांना कळावे म्हणून हिंदीतूनही, आणि बाकावरचे सारे रोगी ऐकत होते. त्या बाटलीच्या ठिकाणी पोहोचलो तेव्हा रामसेवक किटली हातात धरून दारातच थांबला. मी शेवटी विचारले, "समजले? बरोबर आहे?"

"बरोबर आहे."

"असे नाही चालत, साहेब. आता तुम्ही बोला, मी काय वाचले."

बाकावर हसू फुटले. डॉक्टरांनी माझ्याकडे रोखून पाहिले, आणि मग आयुष्यात पहिल्यांदा कुणा रोग्यासारखे हात गुडघ्यांवर ठेवून पुन्हा सर्व म्हणून दाखवले. एकाही शब्दात चुकले नाहीत. अंगठा कसा द्यायचा ते त्यांना ठाऊक नव्हते, सरळ दाबू लागले. मी त्यांचा अंगठा धरून एका कडेने दुसऱ्या कडेपर्यंत फिरवून घेतला, तेव्हा रेषा स्वच्छ उमटल्या. खाली रामसेवकाने नाव लिहिले, हरप्रसादजींनी व्यापाऱ्यांच्या महाजनी लिपीत सही केली. वैदेहीने इंग्रजी भाषांतर करून जोडले, आणि अर्ज गेला.

उत्तर फोनवर आले. तिकडच्या कार्यालयातील कोणी गृहस्थ होते. ते वैदेहीला म्हणाले की डॉक्टर निरक्षर असू शकत नाही, तेव्हा हा कागद बनावट आहे किंवा थट्टा आहे. अर्ज अपूर्ण समजला जाईल. तिने ते शांतपणे ऐकले आणि डॉक्टरांच्या दवाखान्याचा नंबर दिला. "आपण त्यांनाच विचारा," एवढेच ती म्हणाली. घरात वहिनी म्हणाल्या, "अर्जनवीसाच्या घरात कागदच चुकला म्हणायचं." मी त्या दिवशी जेवलो नाही.

फोन खरोखरीच आला. मी दवाखान्यात होतो, बाकावर बसलेलो, आणि वैदेही रोग्याला पट्टी बांधत होती. त्या विभागाच्या प्रमुख बाई स्वतः बोलत होत्या, मोडक्या हिंदीत, आणि फोन जुना असल्यामुळे त्यांचा आवाज आम्हां सर्वांना ऐकू येत होता. त्यांनी विचारले, डॉक्टर, तुम्ही सही का केली नाही. डॉक्टर म्हणाले, सही केली असती तर तुम्ही फोन केला असता काय?

पलीकडून कागद उलटल्याचा आवाज आला.

मग बाईंनी विचारले, ती मुलगी कशी आहे. डॉक्टरांनी सांगितले. बाटली सांगितली, जबडा आणि खांदा सांगितला, स्वतःची चूक सांगितली, आणि हेही सांगितले की त्या दिवसापासून बाकावर कितीही गर्दी असो, दुखणे कुठे जाते हा प्रश्न ते विचारतात. मग नेहमीप्रमाणे म्हणाले, "अब आप बोलिए, मैंने क्या कहा."

मी मान खाली घातली. मला वाटले, संपले.

पण पलीकडून बाईंनी सावकाश, एकेक शब्द जुळवत, सर्व परत सांगितले. डॉक्टर ग़लत था. लड़की ने हाथ पकड़ा. औरत ज़िंदा है. एके ठिकाणी चुकल्या, उजवा खांदा म्हणाल्या, तेव्हा डॉक्टरांच्या आधी वैदेही पट्टी हातात धरून मोठ्याने म्हणाली, "बायाँ."

बाईंनी विचारले, "ये कौन बोली?"

"वही," डॉक्टर म्हणाले आणि फोन ठेवला.

मुलाखतीला मी तिला घेऊन गेलो. आत काय झाले ते मी पाहिलेले नाही, म्हणून लिहीत नाही. बाहेर माझ्यासारखे पुष्कळ बाप होते, इंग्रजी बोलणारे, आणि त्यांच्या मुलांच्या हातांतल्या फायली जाड होत्या. संध्याकाळी सूचनाफलकावर यादी लागली. तीत वैदेहीचे नाव होते. मी ते नाव मोठ्याने वाचले, पुन्हा वाचले, आणि शेजारच्या अनोळखी गृहस्थांनाही वाचायला लावले. त्यांनी वाचून माझा हात हातात घेतला.

झाँसीला परतल्यावर आम्ही स्टेशनावरून थेट दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी वैदेहीकडे पाहिले आणि विचारले, "काल रात्री काय जेवलीस?"

"इडली, डॉक्टरकाका."

"मग ठीक आहे." आणि बाकाकडे वळून ते म्हणाले, "सुनिए सब लोग. ये लड़की अब यहाँ नहीं मिलेगी. जिसको डाँट खानी हो, दक्षिण का टिकट कटाए."

हरप्रसादजींनी गुडघा दुखत असताना उठून तिच्या डोक्यावर हात ठेवला. रामसेवकाने त्या दिवशी सर्वांना चहा पाजला. वहिनींनी मोहल्ल्यात पेढे स्वतः वाटले आणि 'फिजिशियन असिस्टंट' हे शब्द इतक्या सफाईने उच्चारले की मला त्यांचे सर्व बोलणे माफ करावे लागले.

आज वैदेही एका मोठ्या रुग्णालयात हृदयाच्या शस्त्रक्रियेच्या विभागात आहे. तिचे सर्जन मला एकदा म्हणाले, "आपकी बेटी मेरा हाथ पकड़ लेती है." त्यांची ती तक्रार नव्हती. डॉक्टर आता हयात नाहीत. त्यांच्या पश्चात दवाखान्यातून बाटल्या निघाल्या, शेवेची बरणी निघाली, लिहिलेला कागद एकही निघाला नाही.

तरी एका गोष्टीचा निकाल बाकी आहे. प्रवेशाच्या कागदपत्रांत डॉक्टरांच्या बयानावर त्या कार्यालयाने शेरा मारला आहे, 'विशेष बाब म्हणून ग्राह्य'. वैदेहीने मला तो सांगितला. या शेऱ्यास माझी हरकत आहे. ज्या मनुष्याने स्वतःची चूक साक्षीदारांसमक्ष सांगितली, वाचून दाखवलेली ऐकली आणि परत म्हणून दाखवली, त्याच्या शब्दाला दया म्हणून घेतल्याचे दाखवणे हा अन्याय आहे. जे पूर्ण होते ते सवलतीने घेतले असे लिहिता येत नाही.

सबब, संबंधित महाविद्यालयाच्या अधिकाऱ्यांस नम्र प्रार्थना अशी की, उक्त शेरा रद्द करण्यात यावा, आणि शिफारसपत्राच्या छापील नमुन्यात 'स्वाक्षरी' या शब्दापुढे 'अथवा अंगठा, वाचून दाखवल्यानंतर, साक्षीदारांसमक्ष' एवढे शब्द घालण्यात यावेत, म्हणजे यापुढे ज्या डॉक्टरला आपल्या मदतनिसाविषयी खरे सांगायचे आहे त्याची अडचण होणार नाही. याच मागणीसाठी यापूर्वी केलेल्या अर्जाची पोच मिळालेली नाही. या अर्जाचे उत्तर मिळावे. अर्जदार कचेरीच्या वेळात वर नमूद केलेल्या ठिकाणी रोज हजर असतो.